बूस्टर क्लबचा गल्ला: हायस्कूल सॉकरचा एक हंगाम

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये सॉकरच्या निवडचाचण्या संपल्या की लगेच पालकांची बैठक होते. प्रशिक्षक वेळापत्रक आणि गैरहजेरीचे नियम सांगतात आणि शेवटी बूस्टर क्लबचा, म्हणजे टीमसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या संस्थेचा, विषय निघतो. गेल्या वर्षीचे खजिनदार मोकळे झालेले असतात, कारण त्यांची मुलगी आता कॉलेजला गेलेली असते. नवा माणूस हवा असतो. सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात. अशा वेळी जो हात वर करतो त्याच्या गळ्यात काय काय पडतं, त्याचा हा तपशील. आम्ही हे काम हिशेब, कन्सेशन स्टँड (सामन्याच्या वेळचा खाण्यापिण्याचा ठेला) आणि खरेदी अशा तिन्ही बाजूंनी केलं आहे. तिन्ही ठिकाणी फिरून एकच प्रश्न समोर येतो: हा पैसा कुणाचा?

पैसा क्लबचा, म्हणजे सगळ्या खेळाडूंचा. आपल्या मुलाचा नव्हे. ऐकायला हे सोपं आहे, पण क्लबमधली निम्मी भांडणं आणि आयआरएसची, म्हणजे केंद्रीय कर खात्याची, बहुतेक सगळी डोकेदुखी हे न पटल्यामुळे होते.

शाळेच्या डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडून, साधारणपणे प्रशिक्षकांचं मानधन, रेफरी, बस आणि मैदान एवढं येतं. सरावाचे चेंडू, छोटे गोल, बेंचवरचा तंबू, सामन्यांचं चित्रीकरण, सामन्याआधीचं जेवण, सीनियर नाइट (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा सत्कार) हे सगळं क्लबवर येतं. त्यासाठी पैसे जमवायचे म्हणजे आधी क्लब कागदावर अस्तित्वात असायला हवा.

कागदपत्रं: क्रम चुकला की सगळं चुकतं

पहिली पायरी म्हणजे आपल्या राज्याकडे ना-नफा संस्था म्हणून नोंदणी. दुसरी, आयआरएसकडून ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर ओळख क्रमांक. तो ऑनलाइन, फुकट आणि त्याच बैठकीत मिळतो, आणि म्हणूनच लोक तो आधी घेऊन टाकतात. मग राज्याच्या कागदावर नावापुढे ‘इंक.’ लागतं, ईआयएनच्या पत्रावर ते नसतं, आणि बँक खातं उघडायला नकार देते. दोन्हीकडे नाव अक्षरन्‌अक्षर सारखं हवं. शाळेचा ईआयएन वापरून खातं उघडणं हा तर सरळ गुन्हा समजा. क्लब ही शाळेपासून वेगळी संस्था आहे.

तिसरी पायरी ५०१ सी ३ दर्जाची, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून मान्यतेची. लहान क्लबसाठी फॉर्म १०२३-ईझेड पुरतो. वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या वर जाण्याची शक्यता नसेल आणि मालमत्ता २,५०,००० च्या आत असेल तर तो चालतो. फी २७५ डॉलर. मोठ्या फॉर्मला ६०० लागतात. स्थापना झाली त्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर दर्जा स्थापनेच्या दिवसापासून धरला जातो. उशीर झाला तर अर्जाच्या तारखेपासून, आणि मग मधल्या काळातल्या देणग्यांचं काय हा प्रश्न देणगीदार विचारतात.

इथला खरा सापळा वेगळाच आहे. १०२३-ईझेडमध्ये कागद जोडायचे नसतात, फक्त खुणा करायच्या असतात. ‘आमच्या स्थापनापत्रात उद्देशाचं कलम आहे’, खूण. ‘संस्था बंद झाल्यास शिल्लक दुसऱ्या धर्मादाय कामाला जाईल असं कलम आहे’, खूण. आता अनेक राज्यांच्या छापील नमुन्यात ही दोन कलमं नसतातच. राज्याचा एका पानाचा नमुना भरून मोकळा झालेला माणूस पुढे आयआरएसला ‘आहेत’ असं शपथेवर सांगून बसतो. उघडकीला येतं ते पुढे कधीतरी, एखादी कंपनी देणगी देण्याआधी स्थापनापत्राची प्रत मागते तेव्हा. दुरुस्ती अवघड नाही, पण ती आधी करा आणि मग खूण करा.

आपल्या लोकांसाठी एक सांगण्यासारखी गोष्ट. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. टीममध्ये आयटीतले चार पालक असले तरी हा आकडा गाडी धुण्याच्या दोन शनिवारांपेक्षा मोठा होतो. मात्र त्यासाठी ५०१ सी ३ चं पत्र लागतं, आणि देणगी ही खरोखर देणगी असावी लागते. मुलाच्या ट्रॅकसूटचे पैसे ‘देणगी’ म्हणून भरून त्यावर कंपनीकडून मॅचिंग घेणं म्हणजे आपल्याच नोकरीशी खेळ. कपड्यांचे पैसे ही खरेदी आहे. पावतीवर तसंच लिहायचं.

केंद्राचा दर्जा मिळाला म्हणजे राज्याचा विक्रीकर आपोआप माफ होत नाही. त्याचा अर्ज वेगळा, नियम वेगळे. टेक्ससमध्ये अशा संस्थेला वर्षातून दोन वेळा एकेक दिवसाची करमुक्त विक्री करता येते. दुसऱ्या राज्यात आणखी काही असेल. कन्सेशन स्टँड उघडण्याआधी राज्याच्या कर खात्याच्या पानावर अर्धा तास घालवावा.

आर्थिक वर्ष जुलै ते जून ठेवा. सॉकरचा हंगाम राज्यागणिक बदलतो: पुष्कळ राज्यांत ऑगस्टपासून, टेक्ससमध्ये जानेवारीपासून, जॉर्जियात वसंतात. मिशिगन आणि इलिनॉयमध्ये तर मुलगे शरदात आणि मुली वसंतात खेळतात. जानेवारी ते डिसेंबर वर्ष धरलं तर त्याच शाळेच्या दोन टीमचं एक शैक्षणिक वर्ष दोन ताळेबंदांत फाटतं. जूनअखेर वर्ष संपवलं की आयआरएसचं वार्षिक विवरण पंधरा नोव्हेंबरला भरायचं असतं. शरदात खेळणाऱ्या राज्यांत नेमकी तीच बाद फेऱ्यांची धामधूम असते, आणि तारीख हमखास विसरते. सलग तीन वर्षं विसरली की दर्जा आपोआप रद्द होतो.

मुलाच्या नावाचं खातं

दरवर्षी कुणीतरी ही सूचना घेऊन येतंच: ‘जो जितका निधी जमवेल, तितकी त्याच्या मुलाची फी कमी करू. म्हणजे सगळे कामाला लागतील.’ सूचना न्यायाची वाटते, आणि तीच क्लबला बुडवते.

२०१३ साली अमेरिकेच्या टॅक्स कोर्टापुढे कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचं प्रकरण आलं होतं. तिथे पालकांनी विक्रीतून मिळवलेल्या नफ्याचे गुण त्या-त्या कुटुंबाच्या नावावर चढत आणि त्यातून त्यांचं देणं कमी होई. जे विक्री करत नसत त्यांना पूर्ण रक्कम भरावी लागे. कोर्टाचं म्हणणं असं, की इथे पैसा खेळाडूंच्या समूहासाठी न जमता आपापल्या घरासाठी जमला. दर्जा काढून घेतला तो योग्यच, असा निकाल लागला.

म्हणून आमच्याकडे पैसा एकाच भांड्यात पडतो आणि सगळ्यांसाठी सारखा खर्च होतो. वहीतल्या नोंदीत मुलांची नावं नसतात, खर्चाच्या बाबींची असतात: चेंडू, जेवण, चित्रीकरण. ‘स्टँडवर दोन पाळ्या करा, नाहीतर १०० डॉलर भरा’ हीसुद्धा तीच युक्ती मागच्या दाराने, असं आमचं मत. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मदत ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण ती कुणाला द्यायची हे शाळेच्या समुपदेशकाने ठरवावं. क्लबच्या पालकांनी दुसऱ्या पालकाचा पगार विचारायला लागणं हे कुणाच्याच भल्याचं नाही.

मुलं आणि मुली यांचे दोन वेगळे क्लब असतील तर आणखी एक पेच येतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याखाली दोघांना मिळणाऱ्या सोयी तोलामोलाच्या ठेवण्याची जबाबदारी शाळेची असते, आणि पैसा क्लबने दिला म्हणून शाळा त्यातून सुटत नाही. मुलग्यांच्या क्लबने नवे तंबू आणि गरम जॅकेट दिले, मुलींकडे जुनेच, तर ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे शाळेचे क्रीडाप्रमुख, ती भेट नाकारू शकतात. तेव्हा वस्तू घेण्याआधी त्यांची लेखी संमती घ्यावी. एकदा दिलेली वस्तू डिस्ट्रिक्टची होते, हेही लक्षात ठेवावं. आपण दिलेला तंबू उद्या लॅक्रॉस या दुसऱ्या खेळाच्या टीमच्या बेंचवर दिसला तर ओरडून उपयोग नाही. एकच सॉकर क्लब ठेवला तर यातली पुष्कळशी कटकट टळते.

कपडे

हायस्कूलच्या सामन्यांचे नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्सचे. त्याप्रमाणे एका टीमने पांढरा शर्ट आणि पांढरे मोजे घालायचे, दुसरीने गडद. म्हणजे दोन किट लागतातच, आणि पांढऱ्या किटचे मोजे आधी जातात. पाठीवरचा आकडा किमान सहा इंच, पुढचा, शर्टावर किंवा चड्डीवर, किमान चार इंच. गोलकीपरचा रंग दोन्ही टीमपेक्षा वेगळा लागतो, त्यामुळे प्रत्येक गोलकीपरला दोन रंग द्यावेत. शिनगार्डवर नॉक्सीचा (खेळाच्या साहित्याची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) शिक्का हवा. तो नसला तर रेफरी खेळू देत नाही, म्हणून क्लबच्या पेटीत दोन जोड शिल्लक असू द्यावेत.

आकड्यांची एक गफलत पहिल्या वर्षी लक्षात येत नाही. व्हर्सिटी (शाळेची मुख्य टीम) आणि जेव्ही (तिच्या खालची टीम) या दोन्ही टीमना १ पासून आकडे दिले, की बाद फेरीला जेव्हीतली चार मुलं वर घेतली जातात आणि दोन सात नंबर होतात. एका टीममध्ये एकच आकडा दोघांना चालत नाही. व्हर्सिटीला १ ते २५ आणि जेव्हीला ३० पासून पुढे दिले की प्रश्न मिटतो. पाठीवर नावं छापू नका. पुढच्या वर्षी तो शर्ट कुणाच्याही कामाचा उरत नाही.

मापं पालकांकडून फोनवर घेऊ नयेत. विक्रेत्याकडून नमुन्याचा एक संच मागवून सरावाच्या वेळी मुलांनी अंगात घालून बघावा. मुलींच्या बेताचा शर्ट अंगाला तंग बसतो आणि निम्म्या मुली एक माप वरचं घेतात. ऑर्डर एकाच तारखेला बंद करायची आणि मीडियम व लार्ज दोन-दोन जास्त घ्यायचे. उशिरा आलेल्या एका कुटुंबासाठी वेगळी छपाई करायची म्हटलं तर विक्रेता तयारीचे पैसे नव्याने लावतो.

स्टँडवरची दहा मिनिटं

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा कन्सेशन स्टँड चालवलेला माणूस सॉकरला फसतो. सॉकरचे चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये फक्त दहा मिनिटांची सुट्टी. चालू खेळात सहसा कुणी जागचं हलत नाही, कारण अख्ख्या सामन्यात गोल कदाचित एकच होणार असतो. म्हणजे धंदा दोनदाच होतो: जेव्हीचा सामना संपून व्हर्सिटीचा सुरू होईपर्यंत, आणि मध्यंतरात.

गणित साधं आहे. रोख देणारं एक गिऱ्हाईक अर्धा मिनिट खातं. दहा मिनिटांत एका रांगेत वीस. दोन रांगांत चाळीस. एकेचाळिसावं गिऱ्हाईक शिट्टी वाजली की निघून जातं. हे वाढवायचे उपाय तीन. एक, सगळ्या किमती पूर्ण डॉलरमध्ये ठेवा. दीड डॉलरचं पाणी म्हणजे प्रत्येक वेळी सुट्टी नाणी शोधणं. दोन, पाटीवर आठच पदार्थ. तीन, मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी वीस कप हॉट चॉकलेट भरून झाकणं लावून ठेवा आणि फक्त कार्डवाल्यांसाठी तिसरी रांग लावा.

गल्ल्यात सुरुवातीला १०० डॉलर ठेवतो: एकच्या ४० नोटा, पाचच्या ८, दहाच्या २. वीसची एकही नाही, कारण लोक एटीएममधून वीसच आणतात.

आता वीज. सगळ्यात जास्त फजिती इथे होते, आणि ती नेमकी मध्यंतरात. शंभर कपांचा कॉफीचा पिंप साधारण १५०० वॅट घेतो. ११०-१२० व्होल्टच्या लाइनवर ते १२-१४ अँपिअर झाले. वीस अँपिअरच्या सर्किटवर सलग सोळापेक्षा जास्त ओढू नये. त्याच भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटला पॉपकॉर्नचं यंत्र लावलं की ब्रेकर पडतो. ‘पण ते वेगळं सॉकेट आहे!’ असं प्रत्येक नवा स्वयंसेवक म्हणतो. सॉकेट वेगळं असलं तरी सर्किट तेच असतं. हंगामाआधी एकदा सगळ्या सॉकेटना दिवे लावून एकेक ब्रेकर पाडून बघा आणि कोणतं सॉकेट कोणत्या ब्रेकरवर आहे ते भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. पिंप आणि पॉपकॉर्न कधीही एका ब्रेकरवर नकोत. शिवाय पिंप गार पाण्यापासून उकळीला यायला तासाहून जास्त वेळ घेतो, तेव्हा जेव्हीच्या किकऑफलाच तो चालू करायचा. घरच्या दिव्याला वापरायची बारीक एक्स्टेन्शन कॉर्ड इथे लावू नये. ती गरम होते, आणि गुंडाळी न सोडता वापरली तर आणखीच.

काउंटीच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो का, हे काय विकता त्यावर ठरतं. बंद पाकिटातल्या वस्तूंना सहसा सूट असते, हॉट डॉग शिजवला की नियम लागू होतात. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि गार पदार्थ ४१ च्या खाली राहिले पाहिजेत. रोलरवर फिरणारा हॉट डॉग बाहेरून चकाकतो आणि आत कोमट असतो, म्हणून टोचायचा थर्मामीटर हवाच. पैसे घेणारा हात आणि अन्न देणारा हात वेगळ्या माणसाचे असावेत.

सामना संपला की मोजणी. ती स्टँडमध्येच, दिवे चालू असताना, दोन माणसांनी करायची. नवरा-बायको म्हणजे एकच माणूस धरायचा. आधी १०० डॉलर बाजूला काढायचे, मग उरलेलं दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं, आकडा जुळला की कागदावर दोघांच्या सह्या, आणि पिशवी दुसऱ्या दिवशी बँकेत. ‘थंडी आहे, घरी जाऊन मोजते’ याला नाही म्हणायला जड जातं. पण पुढे कधी पैसे कमी भरले तर संशय त्याच बाईवर येणार असतो. नियम तिला वाचवण्यासाठी आहे, हे सांगितलं की कुणी रागावत नाही.

कार्डाच्या विक्रीतून कंपनी आपली कात्री लावूनच रक्कम बँकेत टाकते. हिशेबात मात्र पूर्ण विक्री एका ओळीत आणि कापलेली रक्कम दुसऱ्या ओळीत लिहा. कारण छोट्या वार्षिक विवरणासाठीही आयआरएसची मर्यादा ५०,००० ची आहे, आणि ती जमेवर आहे, नफ्यावर नाही. ५८,००० आले आणि ५५,००० खर्च झाले, हाती तीन हजार उरले, तरी जमा ५८,०००. तीन वर्षांची सरासरी धरतात, त्यामुळे एका वर्षाच्या उडीने लगेच मोठं विवरण भरावं लागत नाही, पण कपड्यांचे पैसेही क्लबच्या खात्यातून फिरवले की सरासरी भराभर वर चढते. पालकांनी कपड्यांचे पैसे थेट विक्रेत्याच्या ऑनलाइन दुकानात भरले तर ही रक्कम आपल्या वहीत येतच नाही.

कुंपणावरचे फलक

स्टँडपेक्षा कमी कष्टात जास्त पैसा प्रायोजकांच्या फलकांतून येतो. पण फलकावरच्या मजकुराला महत्त्व आहे. दुकानाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता, फोन एवढं असलं तर ते प्रायोजकाचे आभार. ‘गावातला सर्वांत चविष्ट पिझ्झा, आजच या’ असं लिहिलं तर ती जाहिरात होते आणि उत्पन्न करपात्र ठरू शकतं. अशा असंबंधित धंद्याची जमा १,००० डॉलरला पोचली की फॉर्म ९९०-टी भरावा लागतो. कन्सेशन स्टँड मात्र जवळजवळ सगळा बिनपगारी स्वयंसेवकांवर चालत असेल तर या कचाट्यातून सुटतो. म्हणून स्टँडवर एखाद्या मुलाला तासाचे पैसे देण्याची सवय लावू नका.

फलक तेरा औंसाच्या व्हिनाइलचा, तीन बाय पाच फूट, दर दोन फुटांवर कड्या. वारा जास्त असेल तिथे जाळीदार कापड घ्या. बांधायला पातळ प्लॅस्टिक पट्ट्या वापरा, जाड नकोत. वादळात पट्टी तुटून फलक खाली पडला तर दोन डॉलरचं नुकसान. पट्टी तुटली नाही तर फलक शिडासारखा फुगतो आणि कुंपणाचे खांब वाकवतो, आणि कुंपण डिस्ट्रिक्टचं असतं. छपाईसाठी दुकानदाराकडून बोधचिन्हाची मूळ व्हेक्टर फाइल मागा. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो तीन फुटांवर ताणला की काय दिसतं ते एकदा पाहिलं की पुन्हा कुणी पाठवत नाही.

पावत्यांचे दोन आकडे पाठ असू द्यावेत. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पोच द्या. ती नसेल तर त्याला कराची सवलत घेता येत नाही. आणि ७५ डॉलरच्या वर देणाऱ्याला बदल्यात जेवण किंवा शर्ट दिला असेल तर त्या वस्तूची अंदाजे किंमत पोचेवर लिहा. सोडतीचं तिकीट ही देणगी नसते. शिवाय अनेक राज्यांत सोडत जुगाराच्या कायद्याखाली येते आणि परवाना लागतो.

जेवण आणि सीनियर नाइट

सामन्याआधीच्या जेवणात हिशेब कोरड्या पास्त्यावर करावा: माणशी चार औंस. दोन्ही टीमची मिळून ४४ मुलं, म्हणजे अकरा पौंड. सॉस वेगळा, मांस वेगळं, चीज वेगळं. हे एवढं केलं की शाकाहारी, हलाल खाणारे आणि दूध न चालणारे सगळे एकाच टेबलावर जेवतात, आणि वेगळ्या डब्यावर नाव लिहून ठेवण्याची वेळ येत नाही. शेंगदाणे आणि इतर ॲलर्जींची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच घ्यावी. जेवण शाळा सुटल्यावर ताबडतोब. सामन्याला तास राहिला असताना पोटभर पास्ता खाल्लेला विंगर पहिल्या वीस मिनिटांत कळतो.

सीनियर नाइट शेवटच्या घरच्या सामन्याला असते असं सगळे धरून चालतात. पाऊस पडला की तो सामना रद्द होतो आणि फुलं वाया जातात. शेवटून दुसरा सामना धरावा, म्हणजे एक तारीख हाताशी राहते. बारा सीनियर, प्रत्येकाला चाळीस सेकंद, म्हणजे आठ मिनिटं. हे सामन्याआधीच्या वॉर्म-अपच्या वेळेत बसवायचं असल्यामुळे पाहुण्या प्रशिक्षकांना आणि रेफरींना दोन दिवस आधी कळवा. नाहीतर ऐन वेळी मैदानावर दोन टीम पळताहेत आणि मधोमध आजी गुच्छ घेऊन उभ्या, असा देखावा होतो. मैदानावर सोबत कोण चालणार हे फॉर्मवर विचारून घ्या. घटस्फोटित पालकांच्या बाबतीत अंदाज बांधू नका. जखमी सीनियर आणि टीमची व्यवस्थापक मुलगी यांची नावं यादीतून गळतात, ती मुद्दाम तपासा.

आणि नावांचा उच्चार. रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ ने सुरू होणारं नाव निवेदकापुढे ठेवलं तर तो अडखळणारच, त्याचा दोष नाही. स्पेलिंग फोडून लिहिण्यापेक्षा मुलीच्याच आवाजात पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग घेऊन त्याला पाठवा. हे सगळ्यांकडूनच घ्या. पोलिश आणि व्हिएतनामी आडनावांनाही तेवढीच गरज असते.

प्रशिक्षक आणि क्लब

प्रशिक्षकाने यादी द्यावी, समितीने मतदान करावं, पैसे विक्रेत्याला थेट जावेत. चेकवर प्रशिक्षकाची सही नको, खात्याचं डेबिट कार्ड त्यांच्या खिशात नको, आणि जास्तीच्या कामाचे पैसे क्लबकडून त्यांच्या हातात नकोत. सहायक प्रशिक्षकाला मानधन द्यायचं असेल तर ती रक्कम डिस्ट्रिक्टला देऊन त्यांच्या पगारपत्रकातून द्यावी. महिन्याचं बँक विवरण ज्याला चेकवर सहीचा अधिकार नाही अशा सदस्याने उघडून वहीशी ताडून बघावं. कोण किती मिनिटं खेळतो हा विषय क्लबच्या बैठकीत निघाला की अध्यक्षांनी तो तिथल्या तिथे थांबवावा. जास्त देणगी देणाऱ्याने काढला तर आणखी लवकर.

जूनमधलं हस्तांतर

क्लब मोडतात ते पैशाच्या टंचाईने क्वचितच. ते जून ते ऑगस्टच्या मध्ये मोडतात. जुना खजिनदार गाव सोडतो, आयआरएसची पत्रं त्याच्या जुन्या घरी जात राहतात, आणि बँकेत सही अजून त्याचीच असते. क्लबला पोस्टाची पेटी घ्या आणि सगळीकडे तोच पत्ता द्या. आयआरएसकडे नोंदवलेली जबाबदार व्यक्ती बदलली की ६० दिवसांत फॉर्म ८८२२-बी पाठवायचा असतो. हा फॉर्म जवळजवळ कुणालाच माहीत नसतो. राज्याचं वार्षिक पत्रक वेगळं. ते चुकलं तर आयआरएसच्या दप्तरी तुम्ही जिवंत आणि राज्याच्या दप्तरी बरखास्त, अशी विचित्र अवस्था येते. बँकेत नवे-जुने एकत्र जावेत आणि बैठकीच्या इतिवृत्ताची सही केलेली प्रत सोबत न्यावी. ती नसली तर परत पाठवतात.

९९०-एन हे लहान क्लबचं वार्षिक विवरण दहा मिनिटांचं काम आहे: नाव, ईआयएन, पत्ता, एका पदाधिकाऱ्याचं नाव, जमा मर्यादेत असल्याची कबुली. वर्ष तीस जूनला संपलं की ते लगेच जुलैत भरता येतं. नोव्हेंबरची वाट बघायची नाही. मावळत्या आणि नव्या खजिनदाराने शेजारी बसून ते भरावं, आणि ‘स्वीकारलं’ असा शेरा दिसेपर्यंत थांबून त्याची छापील प्रत फाइलला लावावी. भरल्यावर नाकारलं गेलेलं विवरण म्हणजे न भरलेलंच.

मग स्टँड. उरलेल्या वस्तूंची मुदत बघून जी ऑगस्टपर्यंत टिकणार नाही ती शेवटच्या सरावाला वाटून टाका. पिंपातलं पाणी काढून नळाची तोटी उघडी ठेवा. फ्रीझर बंद करून पुसून घ्या आणि दाराच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून अडकवा, म्हणजे ते आपोआप मिटणार नाही. मिटलं तर ऑगस्टमध्ये आतली काळी बुरशी घासायला दोन माणसांची अख्खी दुपार जाते.